बारवेतली टाळी

पाझरचा एक नियम होता. आवाज टिपायला कुठंही जा, यंत्र सुरू केलं की आधी एक टाळी वाजवायची. एकच, मोकळ्या हातानं, सणसणीत. मग हात खाली घ्यायचे आणि गप उभं राहायचं. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. ज्यानं टाळी दिली त्यानं मूठ वर धरली असेल, तर चालू आहे. मूठ उघडून पंजा दाखवला, की झालं. आता बोला, खोका, शिंका, काय हवं ते करा.

हा नियम यशोधननं घातला होता. "टाळी म्हणजे त्या जागेला मारलेली हाक," तो म्हणायचा, "आणि जागा ओ देते. ती ओ आधी टिपून घ्यायची, मग पुढचं." यशोधन जाऊन आता सात वर्षं झाली होती, पण टाळी चुकली नव्हती.

पाझर म्हणजे तिघं जणं. मुक्ता ढोबळे आवाज गोळा करायची. किल्ल्यावरच्या टाक्यातलं पाणी, ओस गोदामातल्या चिमण्या, हंगाम संपल्यावर थंड पडत जाणाऱ्या कारखान्याच्या पत्र्यांची कुरकुर, असलं काहीबाही. अमीन शेख त्या आवाजांना ताणून, वितळवून, त्याच्या खाली आपल्या सिंथेसायझरचे लांबच लांब सूर अंथरायचा. आणि ऋजुता, यशोधनची धाकटी बहीण, समोरच्या पडद्यावर संगणकाकडून चित्रं काढून घ्यायची. लोक येताना उशा घेऊन यायचे, जमिनीवर रेलून बसायचे आणि तासाभरानं उठून जाताना एकमेकांशी हळू आवाजात बोलायचे.

त्या दिवशीचा प्रयोग सोलापुरात होता, एका बंद पडलेल्या गिरणीच्या शेडमध्ये. माग कधीच भंगारात गेले होते. राहिल्या होत्या उंच भिंती, काचेचं दातेरी छप्पर आणि फरशीवर मागांच्या पायांचे चौकोनी डाग. प्रयोग संध्याकाळी साडेपाचला, उन्हं उतरताना. सकाळी दहाला मुक्ता वायरींची वेटोळी सोडवत बसली होती, तेव्हा ऋजुता तिच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली,

"ताई, आज बारव दिसणार."

"बारव रोजच दिसते की," मुक्ता म्हणाली.

"तशी नाही. आज दादा दिसणार."

मुक्ताच्या हातातली वायर तशीच राहिली.

ऋजुताचं यंत्र सगळ्यांना ठाऊक होतं. वटवाघूळ अंधारात जे करतं तेच ते करायचं, फक्त उलट्या बाजूनं. टाळीचा आवाज चहूकडे पळतो, भिंतीवर आपटतो आणि परत येतो. जवळची भिंत लवकर परत पाठवते, लांबची उशिरा. सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर हा त्याचा वेग, म्हणजे किती उशिरा आला ते कळलं की किती लांबून आला तेही कळतं. टिपणाऱ्या यंत्राला चार बाजूंना चार कान असतात, त्यामुळं कुठून आला तेही कळतं. एवढ्यावरून संगणक ती जागा रेघारेघांनी उभी करतो: इथं कमान, इथं कोनाडा, इथं पायऱ्या. दोन वर्षं पाझरच्या पडद्यावर टाळीसरशी अशा जागा उमलत होत्या, आणि लोक त्यावर खूश होते.

"पण टाळी एकदाच वाजते," ऋजुता सांगत होती. तिच्या डोळ्यांत झोप न झाल्याची लाली होती. "म्हणून चित्र एकच निघायचं, थिजलेलं. आणि त्यात माणूस ओळखू यायचा नाही, खांबासारखा खांब. मग माझ्या डोक्यात आलं, बारवेत पाणी ठिबकतंय. प्रत्येक थेंब म्हणजे एक बारकी टाळीच ना? भिंत काही हलत नाही. म्हणजे या थेंबाची ओ आणि पुढच्या थेंबाची ओ यांत जो फरक पडतो, तो फक्त हलणाऱ्याचा. दगड आवाज परत फेकतो, माणसाचं अंग तो पिऊन टाकतं. जिथं आवाज प्यायला गेला, तिथं माणूस. त्या तुकड्यात नऊशे थेंब आहेत, ताई. मी मोजलेत. म्हणजे नऊशे चित्रं. एकामागे एक लावली, की..."

"तू बघितलंस?"

"छे. आज माईबरोबर बघणार. अमीनदा बार्शीहून घेऊन येतोय तिला. यंत्र मी दुसऱ्या आवाजांवर पारखलंय. आपल्याच स्वयंपाकघरातल्या नळावर. मी ओट्यापाशी उभी होते ती दिसले बघ, अंधुक, पण मीच." ती हसली. "चेहरा वगैरे नाही दिसत. एका वितीपेक्षा बारीक काही त्याला कळत नाही. पण कसा बसला होता, मान कशी होती, तेवढं दिसेल. तेवढं पुष्कळ आहे ना?"

"पुष्कळ आहे," मुक्ता म्हणाली.

ऋजुता उठून गेली. मुक्ता वायरीकडे बघत राहिली.

*

सात वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मुक्ताला ताप होता, हे खरं होतं. सगळ्यांना सांगितलेल्या गोष्टीतलं तेवढंच खरं होतं.

सोनखेडच्या बारवेवर ते दोघंच गेले होते. आदल्या दिवशी एका देवळाच्या गाभाऱ्यातला सहा मिनिटांचा तुकडा नासला होता, आणि यशोधन अमीनसमोर, ऋजुतासमोर म्हणाला होता, "मुक्ताचा श्वास येतोय यात. भात्यासारखा." सगळे हसले, तीही हसली. पण ते तिला लागलं होतं. दोघं लग्न करणार होते, आणि लग्न करणाऱ्या माणसानं चारचौघांत असं बोलू नये, असं तिला वाटलं. रात्रभर ती त्याच्याशी बोलली नाही, सकाळीही नाही.

बारवेत उतरल्यावर ती वरच्या टप्प्यावर थांबली. टिपणारं यंत्र मधल्या टप्प्यावर. यशोधन पार खालच्या पायरीवर, पाण्याला लागून, हातात दोरीला बांधलेला, पाण्यात सोडायचा माइक. त्यानं टाळी दिली. मूठ वर धरली. तिनं कानांवर हेडफोन घातला आणि डोळे मिटून घेतले. एरवी ती अधूनमधून पापणी किलकिली करून त्याचा हात बघायची. त्या दिवशी नाही बघितलं. आज असा श्वास धरते, तिनं ठरवलं होतं, की यंत्रालासुद्धा मी इथं आहे हे कळू नये.

पारवे घुमत होते. थेंब पडत होते. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांवर कानात एक आवाज आला. खोल, गोल, तळातून वर येऊन कडांपर्यंत पसरत जाणारा. त्यानं माइक पाण्यात सोडला, असं तिला वाटलं. इतका देखणा आवाज तिनं तोवर ऐकला नव्हता. रुसवा तिथल्या तिथं विरघळला. आता झाल्यावर त्याला सांगू, हा तुझा सगळ्यात चांगला तुकडा आहे. आणि ती हलली नाही. श्वाससुद्धा जपून, नाकाच्या टोकानं घेतला. चार मिनिटं अकरा सेकंदांनी, फारच लांबलं म्हणून, तिनं डोळे उघडले.

खालच्या पायरीवर कुणी नव्हतं. पाणी निवांत होतं. हेडफोन काढून ती खाली धावली, वाटेत पायाची ठोकर लागून यंत्र बंद पडलं.

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, असं नंतर डॉक्टर म्हणाले. पायरीला शेवाळ होतं, डोक्याला मार होता. गावकऱ्यांनी त्याला वर काढला. यशोधनच्या आईचा, माईंचा, फोन आला तेव्हा मुक्ताच्या तोंडून निघून गेलं, "मी गाडीत होते, माई. ताप होता." का निघालं, तिला सांगता आलं नसतं. पण एकदा निघालं, आणि मग पोलिसांनाही तेच, ऋजुतालाही तेच, आणि सात वर्षं तेच.

यंत्रातला तुकडा ऋजुताला सापडला. दादाच्या हातचं शेवटचं काम. तेव्हापासून पाझरचा प्रत्येक प्रयोग बारवेनं सुरू व्हायचा. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांवर तो गोल आवाज यायचा, अमीन त्याखाली आपला खर्ज धरायचा, आणि समोर बसलेली माणसं न सांगता डोळे मिटायची. मुक्तानं तो दोनशेच्या वर वेळा वाजवला होता.

आज यंत्र नऊशे थेंबांच्या उजेडात बारव दाखवणार होतं. खाली एक माणूस. वर एक माणूस. खालचा पाण्यात जाईल. वरचा उभा राहील.

*

टाळी कापायला तिला दहा सेकंदही लागले नाहीत.

मूळ तुकडे तिच्याच ताब्यात असत, हीही पाझरची रीत होती, आणि प्रयोगात ऋजुताचं यंत्र तिच्याकडून येणाऱ्या आवाजावरच चालायचं. टाळी नसली की यंत्राला भिंती कुठं आहेत तेच कळणार नाही, आणि भिंती नाहीत तर थेंबांचा काही उपयोग नाही. पडद्यावर धुकं दिसेल. लोकांना धुकंही आवडतं. ऋजुता हिरमुसेल, माई म्हणतील जाऊ दे गं, आणि पुढच्या वेळेपर्यंत... पुढच्या वेळेचा विचार तिनं केला नाही.

दुपारी अमीन माईंना घेऊन आला, त्यांना मागच्या खोलीत बसवलं आणि तालमीला उभा राहिला. जाडजूड, पान खाल्ल्यासारखे लाल ओठ, बोलणं सोलापुरी. पहिलाच सूर धरला आणि त्यानं हात उचलला.

"थांब की. हे काय झालं?"

"काय?"

"माझा सूर उशिरा पडला. टाळी कुठाय?"

"असेल. आवाज कमी असेल."

"मुक्ताबाई," अमीन म्हणाला. चिडवायचं असलं की तो बाई म्हणायचा, पण त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. "सात वर्षं मी त्या टाळीवर श्वास घेतोय. माझी बायको म्हणते, झोपेत बी घेतो. पाऊण सेकंदानं आखूड आहे ते. कुणी कापलं?"

शेडच्या दुसऱ्या टोकाला ऋजुता शिडीवर चढून पडदा ताणत होती. मुक्तानं तिकडे एकदा बघितलं.

अमीननंही बघितलं. मग तो सिंथेसायझरच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवत बसला, जणू धूळच पुसायची होती. "तुला टाळी नको आहे," तो हळूच म्हणाला, "का चित्र?"

मुक्ता हेडफोनची वायर गुंडाळायला लागली.

"मला सांगू नको. खरंच सांगू नको. मला सांगितलंस, तर मग मी सांगायचं का झाकायचं, हा घोर मला लागणार. आधीच मला बीपी आहे." फडकं त्यानं घडी घालून ठेवलं. "पण एक बघ. तो मोठा आवाज येतो ना, त्याच्याखाली मी खर्ज धरतो. इतकी वर्षं मला वाटतंय, हा आवाज माइक सोडल्याचा नाही. माइक एवढा जड नसतो. मी कधी विचारलं नाही. ज्याचं आहे त्यानं सांगावं, म्हणून."

तो उठला आणि चहा बघायला गेला.

*

माई मागच्या खोलीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. गुडघे सुजलेले, कपाळावर घाम, मांडीवर स्टीलचा डबा. मुक्ता आत आली तसं त्यांनी डब्याचं झाकण काढलं.

"शेंगापोळी आहे. तुला आवडते ती. त्या अमीननं वाटेत दोन संपवल्या, मेल्याला लाज नाही."

"माई, उकडतंय का तुम्हाला? पंखा लावू?"

"राहू दे. आवाज करतो तो. ऋजुता म्हणाली, आज थेंबाथेंबाचं आहे, कानावर काही येता कामा नये." माई हसल्या. "तुम्ही सगळी त्याच्यासारखीच. घरात असला की मला नुसती शिक्षा. कुकरची शिट्टी टिपायची, फोडणी टिपायची. टाळी वाजवायचा आणि मूठ वर. एकदा काय झालं, दूध तापत होतं. ते टिपत बसला होता. मला दिसतंय, दूध वर यायला लागलंय. येतंय, येतंय, आणि याची मूठ वरच. मी पुतळ्यासारखी उभी, हातात सांडशी. सगळं उतू गेलं, ओटाभर झालं, गॅस विझला. मग यानं पंजा दाखवला. मी म्हटलं, अरे शहाण्या, दूध गेलं ना. तर म्हणतो, गेलं, पण काय गेलंय ऐक."

त्या हसता हसता थांबल्या. डब्याचं झाकण उगाच फिरवत राहिल्या.

"मला हलता आलं असतं," माई म्हणाल्या. "माझंच घर, माझंच दूध. पण मूठ वर होती, तर पाय उचललाच नाही. कसं असतं बघ."

मुक्ता खाली फरशीवर बसली.

माईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्याशीच काहीतरी गुणगुणायला लागल्या. ही ओवी त्यांनी त्या वर्षीच रचली होती. दुसऱ्या कुणासमोर म्हणत नसत.

पाणी बारवेचं खोल, त्याला पायऱ्यांचा जिना
माझ्या राघूचा गं शब्द, कोणी वरी का आणीना

"तो दिसेल ना गं आज?" त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही नको. तो भ्यायला होता का, एवढंच बघायचंय. एकटा होता ना. एकटं पोर भितं."

मुक्ताच्या जिभेवर शब्द आले. त्याच वेळी दाराशी व्यवस्थापक आला, पाहुण्यांची यादी घेऊन, माईंची खुर्ची पुढच्या रांगेत कुठं ठेवू विचारायला. माई त्याच्याशी बोलायला लागल्या, आणि शब्द आत गेले.

पाच वाजता तिनं ऋजुताला गाठलं. ऋजुता कन्सोलवर वाकली होती, तोंडात पेन, कानात मुक्ताच्या हेडफोनशी जोडलेला, बोलायचा बारका खडा.

"ऋजू, मला तुला एक सांगायचंय. आत्ताच."

"प्रयोग झाल्यावर."

"आधीच सांगायला हवं."

"ताई," ऋजुतानं पेन काढलं. "मी दीड वर्ष यावर बसलेय. आत्ता जर तू मला सांगितलंस की पडदा बदलू या, सुरुवात बदलू या, तर मी रडेन. खरंच रडेन. झाल्यावर सांग. रात्रभर सांग, मी ऐकते."

दारं उघडली होती. लोक उशा काखोटीला मारून आत येत होते.

*

तीनशे माणसं जमिनीवर टेकली. काचेच्या छपरातून तांबूस उजेड तिरपा येत होता, मग काळे पडदे ओढले आणि तोही गेला. माई पहिल्या रांगेत, खुर्चीवर एकट्याच. बाकी सगळे खाली.

मुक्तासमोरच्या संगणकावर दोन ओळी होत्या. बारव, टाळीसकट. बारव, टाळीविना. ऋजुताला दुसरी ओळ दिसत नव्हती. अमीनला दिसत होती. तो मुक्ताकडे बघत नव्हता, पट्ट्यांवर हात ठेवून श्वास घ्यायला थांबला होता.

टाळीविना दाबलं तर काय, हे तिला माहीत होतं. धुकं. आणि पुढच्या प्रयोगाला परत हेच. ऋजुता सोडणार नव्हती. ती पुन्हा मूळ तुकडा मागेल, पुन्हा कापावा लागेल, आणि एके दिवशी अमीनसारखं तिलाही कळेल की पाऊण सेकंद कुठं गेला. तेही एक वेळ चाललं असतं. पण माई घरी जाणार होत्या, हेच धरून, की त्यांचं पोर एकटं होतं.

मुक्तानं टाळी दाबली.

आवाज गिरणीच्या भिंतींत सणकन गेला, आणि पडद्यावर काळोखात पांढऱ्या रेघा फुटल्या. आधी एक कमान. मग तिच्यामागं दुसरी. मग पायऱ्या, वरून खाली, एकेक, जणू कुणी खडूनं ओढत उतरतंय. कोनाडे आले. पाण्याची सपाटी आली, काचेसारखी. समोरच्या लोकांतून एक उसासा उठला. अमीनचा पहिला सूर बरोबर जागेवर पडला.

मग थेंब बोलायला लागले. प्रत्येक थेंबासरशी रेघा किंचित थरथरत, आणि खालच्या पायरीवर अंधाराचा एक गोळा जमू लागला. गोळ्याला खांदे आले. मान आली, थोडी डावीकडे कललेली, यशोधन ऐकताना कलवायचा तशी. वर एक हात. पहिल्या रांगेत माईंनी पदर तोंडाशी नेला.

"दादा," ऋजुता कानातल्या खड्यात पुटपुटली. मुक्ताच्या कानात ते अगदी जवळून आलं.

दोन-अडीचशे थेंब झाल्यावर वरच्या टप्प्यावर दुसरा गोळा दिसायला लागला.

ऋजुतानं मान पुढं काढली. पट्टीवरची एक खुंटी तिनं सरकवली, तो गोळा पुसला जातो का बघायला. गेला नाही. उलट त्यालाही खांदे आले. डोकं असायला हवं त्याहून रुंद होतं. हेडफोन.

"ताई," कानात आवाज आला. "वर कोण आहे?"

एक मिनिट वीस सेकंद.

"मी," मुक्ता म्हणाली.

मुक्ताला बाजूला बघायचं धैर्य झालं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिनं डोळे उघडे ठेवून ती चार मिनिटं बघितली.

एक मिनिट अठ्ठेचाळीस. खालचा माणूस पुढं झुकला, एकदम मोडल्यासारखा, आणि पायरीवरून गेला. आवाज आला, गोल, खोल, कडांपर्यंत पसरणारा. अमीनचा खर्ज आला नाही. त्यानं पट्ट्यांवरून हात काढून मांडीवर ठेवले होते. समोरच्या काही माणसांनी सवयीनं डोळे मिटले, बाकीच्यांनी नाही.

वरचा माणूस हलला नाही.

दोन मिनिटं नऊ सेकंदांवर पाण्याच्या सपाटीतून काहीतरी वर आलं. एक रेघ, टोकाला जाडसर. हात. चार थेंब पडेपर्यंत तो वर होता. पाचव्या थेंबाला नव्हता.

"काय होतं ते?" ऋजुताचा आवाज आता कोरडा होता. "मूठ होती का पंजा?"

मुक्तानं हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

"थांब म्हणत होता का ये म्हणत होता? सांग. तू तिथं होतीस."

"माझे डोळे मिटले होते, ऋजू. तूच सांग. तुझ्या यंत्राला विचार."

ऋजुतानं तेच चित्र कन्सोलच्या छोट्या पडद्यावर मोठं केलं. आणखी मोठं केलं. रेघेच्या टोकाशी करड्या चौकोनांचा एक ठिपका होता. एका वितीपेक्षा बारीक काही यंत्राला कळत नव्हतं, आणि एका वितीत मूठही मावते, पंजाही मावतो.

मोठ्या पडद्यावर तुकडा पुढं चाललाच होता. बंद करणं कुणालाही सुचलं नाही. दोन मिनिटं नुसती बारव होती, थेंब होते, पारवे होते, आणि वरच्या टप्प्यावर श्वास जपून उभं असलेलं एक माणूस. बघणाऱ्यांना काय समजलं, काय नाही, कोण जाणे, पण खोकलं कुणी नाही. चार मिनिटं अकरा सेकंदांवर त्या माणसानं डोक्यावरचं काढलं आणि ते खाली धावत सुटलं. तिथं तुकडा संपला. रेघा एकेक विझल्या.

शेडमध्ये अशी शांतता झाली, की छपराचा पत्रा थंड होत असल्याचं ऐकू यायला लागलं.

ऋजुतानं कानातला खडा काढून कन्सोलवर ठेवला. मुक्ताकडे न बघता ती मंचावरून खाली उतरली, अंधारात चाचपडत पहिल्या रांगेपर्यंत गेली आणि माईंच्या खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसली, तोंड मंचाकडे करून. अमीननं हात लांब करून एकच दिवा लावला, पिवळा, खुर्चीवर पडेल असा.

मुक्ता उभी होती. त्या बारवेत होती तशीच. पाय उचलत नव्हते, हेडफोन कानांवर होता, आणि आपण अजून श्वास धरून आहोत हे तिच्या ध्यानात आलं.

माईंनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी मुक्ताकडे बघितलं, फार वेळ. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, खांद्याच्या वर गेला. मूठ होती. ती त्यांनी तशीच धरली, आणि मग एकेक बोट सोडत उघडली. पिवळ्या उजेडात पाचही बोटं वेगवेगळी दिसत होती.

त्यात माया होती की राग होता, ते मुक्ताला कळलं नाही. पण त्या घरात, त्या माणसांत, त्या खुणेचा अर्थ एकच होता.

तिनं हेडफोन काढला. माइक बंदच होता, तो तिनं सुरू केला नाही.

"माई," ती म्हणाली, "मी गाडीत नव्हते."

शब्द गिरणीच्या लांबच्या भिंतीवर जाऊन परत आले. ते परत येईपर्यंत ती थांबली, आणि मग पुढचं सांगायला लागली.